अर्ध्या तासाची सुट्टी मिळवून देणारे रावबहादूर

नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आज बहुतेकांना एकाच गोष्टीमुळे ठाऊक असते. हिंदुस्थानातील कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी त्यांनी मिळवून दिली, एवढी नोंद शालेय पुस्तकांत आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत हमखास सापडते. पण रविवारची मागणी ज्या अर्जात होती, त्याच अर्जात आणखी चार मागण्या होत्या. दुपारी जेवायला अर्धा तास मिळावा आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात पडावा, या त्यांतल्या दोन. रविवारच्या झगमगाटात त्या झाकोळल्या. गिरणीत राबणाऱ्याच्या रोजच्या जगण्याच्या दृष्टीने पाहिले, तर मात्र भाकरीची वेळ आणि पगाराची तारीख या दोन गोष्टी रविवारपेक्षा तसूभरही कमी महत्त्वाच्या नव्हत्या.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली ते हेच वर्ष. लोखंडे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, फुलमाळी समाजातले. घरची परिस्थिती बेताची. शिक्षण शालेय पातळीपर्यंत झाले आणि मग नोकरी पाहणे भाग पडले. आधी रेल्वे, मग टपाल खाते आणि त्यानंतर मुंबईतील एका कापडगिरणीत भांडारपालाची जागा, असा त्यांचा प्रवास झाला. या शेवटच्या नोकरीने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. भांडारपाल हा ना धड कामगार, ना धड साहेब. खात्यात सूत किती गेले, तेल किती लागले, कोणाच्या नावावर काय नुकसान टाकले गेले, हे त्याला दिसत असते. गिरणीचे आतले व्यवहार लोखंडे यांनी असे जवळून पाहिले. पुढे मालकांशी झालेल्या वादात त्यांची बाजू आकड्यांनी आणि तपशिलांनी भरलेली असे, त्याचे मूळ या नोकरीत असावे.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये उभारायला घेतली आणि दोन वर्षांत ताडदेवला ती चालू झाली. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, परळ असा चिमण्यांचा पट्टाच तयार झाला. रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून माणसे या चिमण्यांकडे येऊ लागली. शेतात कष्ट नव्हते असे नाही; पण शेतातल्या माणसाला बांधावर बसून भाकर खाता येत होती. गिरणीत वेळ यंत्राचा होता. उजाडले की इंजिन सुरू, मावळले की बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा दिवस, हिवाळ्यात थोडा कमी. दुपारी यंत्र थांबवायचे की नाही आणि थांबवायचे तर किती मिनिटे, हा सर्वस्वी मालकाच्या मर्जीचा प्रश्न होता. जिथे यंत्र थांबत नसे, तिथे कामगार आळीपाळीने एकमेकांचे साचे सांभाळत आणि कापसाच्या उडत्या तुसातच भाकरतुकडा पोटात ढकलत. साप्ताहिक सुट्टीचा नियम नव्हता. सणावाराला गिरणी बंद राही तेवढीच. आणि बंदच्या दिवशीसुद्धा यंत्रांची साफसफाई करण्यासाठी अर्धा दिवस बोलावले जाई.

पगाराची तऱ्हा याहून बिकट. पगार महिन्याचा, पण महिना संपल्यावर तो लगेच मिळत नसे. मागचे काही आठवडे मालकाकडे थकलेलेच राहत. नव्याने लागलेल्या माणसाला पहिला पैसा हाती येईपर्यंत वाण्याकडे उधारी आणि सावकाराकडे कर्ज करावे लागे. मग पुढचा प्रत्येक पगार ते कर्ज फेडण्यात जाई. न सांगता काम सोडले, तर थकलेली रक्कम जप्त. त्यामुळे थकबाकी ही मालकाच्या हातातली दोरीच झाली होती. त्यावर दंड होते. उशिरा आल्याचा दंड, कामात चूक झाल्याचा दंड. विणकामात दोष निघाला, तर ते खराब कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करीत. गैरहजेरीला गिरणगावात खाडा म्हणत. एका दिवसाच्या खाड्याबद्दल दोन दिवसांचा पगार कापण्याची रीत पुढे अनेक गिरण्यांत रुळली आणि दुहेरी खाडा या नावाने कुप्रसिद्ध झाली. कापलेले पैसे कोणाच्या खिशात जातात, हे विचारण्याची सोय नव्हती.

लोखंडे या जगात वावरत होते तेव्हाच फुले यांच्या विचारांशी त्यांचा संबंध आला. सत्यशोधक समाजाची स्थापना पुण्यात १८७३ मध्ये झाली आणि तिची शाखा मुंबईत पसरली. मुंबईतल्या सत्यशोधकांत मराठी गिरणी कामगारांच्या जोडीला कामाठीपुऱ्यातील तेलुगू कंत्राटदारही होते, ही गोष्ट फारशी लक्षात घेतली जात नाही. पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र आर्थिक ओढाताणीने बंद पडायच्या बेतात आले, तेव्हा या मुंबईकर मंडळींच्या पाठबळावर ते मुंबईला आले. १८८० मध्ये लोखंडे यांनी त्याचे संपादकपद घेतले आणि गिरणीतली नोकरी सोडली. महिन्याचा ठरलेला पगार सोडून, दुसऱ्यांच्या पगारासाठी भांडण्याचा हा निर्णय होता. वय बत्तीस.

‘दीनबंधु’ हे शेतकरी, कारागीर आणि मजुरांची बाजू मांडणारे पत्र. त्या काळच्या मराठी वृत्तपत्रसृष्टीत त्याची जागा एकाकीच म्हणावी लागेल. याचे एक उदाहरण कारखाना कायद्याच्या वादात दिसते. मँचेस्टर आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांना हिंदुस्थानातील स्वस्त मजुरीची धास्ती वाटत होती. म्हणून येथे कामाच्या तासांवर बंधने घालावीत असा दबाव ते विलायतेतील सरकारवर आणीत होते. हा दबाव निव्वळ मानवतेपोटी नव्हता, हे उघड होते. त्यामुळे येथील राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी कारखाना कायद्याला देशी उद्योग बुडवण्याचा डाव मानले आणि विरोध केला. त्यांचा संशय खोटा नव्हता. पण विलायती मालकाचा हेतू वाईट आहे म्हणून परळच्या कामगाराची भूक खोटी ठरत नाही, इतकी साधी गोष्ट या गदारोळात मागे पडली होती. लोखंडे यांनी ती लावून धरली. याच लोखंड्यांनी, टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगातून सुटले तेव्हा सत्यशोधकांच्या वतीने झालेल्या त्यांच्या स्वागतात पुढाकार घेतला होता. मतभेद आणि माणुसकी यांची गल्लत त्या पिढीने फारशी केली नाही.

१८८१ मध्ये पहिला कारखाना कायदा झाला. त्याचा जीव फार लहान होता. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायचे नाही. सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त काम द्यायचे नाही, त्यांना दिवसात एक तास विश्रांती आणि महिन्यात चार सुट्ट्या द्यायच्या, एवढेच त्यात होते. मोठ्या माणसांचे काय, याविषयी कायदा गप्प होता. बाप आणि मुलगा एकाच खात्यात काम करीत असतील, तर मुलाच्या भाकरीची वेळ कायद्याने ठरलेली आणि बापाची मुकादमाच्या मर्जीने, असा विचित्र प्रकार.

या कायद्यात सुधारणा हवी का, हे पाहण्यासाठी मुंबई सरकारने १८८४ मध्ये आयोग नेमला. मुंबईचे कलेक्टर मुलॉक त्याचे अध्यक्ष होते. आयोगापुढे मालक बोलणार, अधिकारी बोलणार, डॉक्टर बोलणार हे ठरलेले होते. कामगारांच्या वतीने कोण बोलणार? लोखंडे यांनी २३ आणि २६ सप्टेंबर १८८४ रोजी परळला कामगारांच्या सभा भरवल्या. हिंदुस्थानात गिरणी कामगारांनी स्वतःच्या मागण्यांसाठी एवढ्या संख्येने एकत्र येण्याचा हा आरंभीचा प्रसंग. तेथे पाच मागण्या ठरल्या. दर रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. कामावर असताना जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी हा अर्ज आयोगाच्या अध्यक्षांकडे देण्यात आला.

या मागण्या आज वाचताना त्यांचा संयम जाणवतो. आठ तासांचा दिवस मागितलेला नाही. सूर्योदय ते सूर्यास्त यातून थोडेसेच कमी करा, असे म्हटले आहे. पगारवाढ मागितलेली नाही. केलेल्या कामाचे पैसे वेळेवर द्या, एवढेच. पंधरा तारीखही उदारपणाने दिलेली, कारण तोवर आणखी अर्ध्या महिन्याचे काम मालकाच्या पदरी जमा होणारच होते. आणि जेवणाच्या सुट्टीचा मोबदला मिळावा, असा शब्दही अर्जात नाही. विणकरासारखे जे कामगार केलेल्या मालावर मजुरी मिळवीत, त्यांच्यासाठी साचा थांबणे म्हणजे तेवढी कमाई बुडणे होते. म्हणजे दुपारचा अर्धा तास आणि रविवारचा दिवस हे दोन्ही त्यांनी स्वतःच्या खिशाला चाट देऊन मागितले. अर्जावर सह्या करणाऱ्यांना हे कळत नव्हते असे मानण्याचे कारण नाही. भरल्या पोटी बसणाऱ्यांना मात्र याचे मोल कळायला वेळ लागला.

बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन या संस्थेचा जन्म याच चळवळीतून झाला. लोखंडे तिचे अध्यक्ष. ही हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना असे म्हणण्याची पद्धत आहे. तिचे खरे स्वरूप काय होते, याचा एक रोखठोक दाखला १८९२ सालच्या मुंबई इलाख्याच्या कारखानाविषयक सरकारी अहवालात मिळतो. लोखंडे स्वतःला या संस्थेचे अध्यक्ष म्हणवतात; पण तिच्याकडे सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत; जो कामगार त्यांच्याकडे येईल त्याला ते आपखुशीने सल्ला देतात, इतकेच, असा त्याचा आशय. अहवाल लिहिणाऱ्याने हे बहुधा कमीपणा दाखवण्यासाठी लिहिले असावे. पण वर्गणी न घेता, कचेरी नसताना, निव्वळ विश्वासावर हजारो माणसे एका मैदानात जमवता येत होती, ही त्या नोंदीची दुसरी बाजू. त्या काळी कामगार संघटनेला कायद्याची मान्यताच नव्हती. ती १९२६ मध्ये आली.

मुलॉक आयोगाचा अहवाल आला, पण कायदा बदलला नाही. पाच वर्षे गेली. १८८९ मध्ये लोखंडे यांनी पुन्हा सरकारकडे अर्ज केला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सभा झाली आणि तिला सुमारे दहा हजार कामगार आले. दोन कामगार स्त्रियांनी या सभेत भाषणे केली. १८९० सालच्या मुंबईत, मैदानात, हजारो पुरुषांसमोर गिरणीतल्या बायका उभ्या राहून बोलल्या, याची जेवढी दखल इतिहासाने घ्यायला हवी होती तेवढी घेतलेली दिसत नाही. साप्ताहिक सुट्टीच्या मागणीचा अर्ज गिरणीमालक संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून बहुसंख्य कामगारांना तो सोयीचा, असा युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचे सांगितले जाते. साहेबाचा चर्चचा दिवस आणि जेजुरीच्या देवाचा दिवस एकच निघाला, हा योगायोग कामगारांच्या पथ्यावर पडला खरा.

त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली नवा कारखाना आयोग नेमला. सोराबजी शापूरजी बंगाली हे त्याचे एक सदस्य. कामगारांच्या बाजूने कायदा व्हावा म्हणून हा पारशी गृहस्थ कित्येक वर्षे खटपट करीत होता. आयोगाच्या मुंबईतील कामात लोखंडे यांना सहयोगी म्हणून घेण्यात आले. ज्याने अर्ज करायचा त्यालाच आता चौकशीच्या मेजावर जागा मिळाली. १८९१ चा कायदा या आयोगानंतर आला आणि १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. पन्नास माणसांच्या कारखान्यांपर्यंत त्याची कक्षा वाढली. बायकांसाठी अकरा तासांची मर्यादा आणि त्यांना दीड तासाची विश्रांती ठरली. मुलांचे किमान वय नऊ झाले. आणि सर्व कामगारांसाठी दोन गोष्टी आल्या : आठवड्याची सुट्टी, आणि दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम बंद. सुपारीबागेच्या परिसरात सात वर्षांपूर्वी मागितलेला अर्धा तास कायद्याच्या पुस्तकात जाऊन बसला. पुरुषांच्या कामाच्या तासांना मात्र मर्यादा आली नाही. पगाराची तारीख, दंड, कपात यांविषयी एक अक्षरही त्यात नव्हते.

लोखंडे यांचे काम गिरणीच्या फाटकापुरते कधीच नव्हते. १८९० मध्येच त्यांनी मुंबईतील न्हावी मंडळींची सभा घेऊन विधवांचे केशवपन करणार नाही असा ठराव घडवून आणला. समाजसुधारकांचे लेख अनेक वर्षे जे करू शकले नव्हते, ते वस्तऱ्याच्या धन्यांनी काम नाकारून दाखवायचे ठरवले. संप हे हत्यार मजुरीसाठीच वापरायचे असे थोडेच आहे? ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमान दंगा उसळला, तेव्हा कामगार वस्त्यांत दोन्ही समाजांना समोरासमोर आणून सलोखा घडवण्यासाठी त्यांनी राणीच्या बागेत मेळावा भरवला. सरकारने त्यांना जस्टिस ऑफ द पीस केले आणि रावबहादूर ही पदवी दिली. सरकारी पदवी स्वीकारली म्हणून पुढच्या काळातील काही अभ्यासकांनी त्यांना मवाळ अर्जदार ठरवले आहे. अर्ज-विनंत्यांपलीकडे ते गेले नाहीत, यात तथ्य आहे. मात्र संघटना बांधायला कायदा नसताना, संप करणाऱ्याचा थकलेला पगार बुडत असताना, दुसरा कोणता मार्ग त्यांच्या हाती होता हेही त्या अभ्यासकांनी सांगायला हवे होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले आणि बघता बघता शहर रिकामे होऊ लागले. गिरण्यांतून माणसे गावाकडे पळाली. मालकांना प्रथमच कामगार मिळेनासे झाले. टिकून राहणाऱ्याला रोजच्या रोज मजुरी चुकती करण्याची पाळी काही ठिकाणी आली. पंधरा तारखेसाठी वर्षानुवर्षे अर्ज करूनही जे मिळाले नाही ते उंदरांनी काही आठवडे मिळवून दिले, हा दैवाचा क्रूर विनोद. लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या शुश्रूषेच्या कामात ते गुंतले आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. पन्नाशीही पूर्ण झाली नव्हती. पुढच्याच महिन्यात पुण्यात सावित्रीबाई फुले याच रोगाची सेवा करताना गेल्या.

त्यांच्या अर्जातल्या उरलेल्या मागण्यांचा प्रवास लांबला. जखमी कामगाराच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. कापडगिरणीतल्या प्रौढ पुरुषाला बारा तासांची मर्यादा १९११ मध्ये मिळाली, अकरा तासांची १९२२ मध्ये, दहा तासांची १९३४ मध्ये. सर्वांत शेवटी आला तो पगार. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर आयोगावर नारायण मल्हार जोशी होते. लोखंड्यांचेच पहिले नाव असलेल्या या दुसऱ्या नारायणाने कायदेमंडळात कामगारांची बाजू वर्षानुवर्षे मांडली. १९३१ मध्ये आलेल्या आयोगाच्या अहवालाने दंड आणि कपातीवर कायद्याची गरज सांगितली आणि १९३६ मध्ये वेतन प्रदान अधिनियम मंजूर झाला.

तो २८ मार्च १९३७ पासून अमलात आला. हजाराहून कमी कामगार असतील तिथे पगार सात तारखेच्या आत आणि इतरत्र दहा तारखेच्या आत देणे बंधनकारक झाले. लोखंड्यांनी मागितलेल्या पंधरा तारखेच्याही अलीकडे. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याच्या वर नको, पंधरा वर्षांखालील मुलाला दंड नको, दंडाची नोंद वहीत हवी आणि ती रक्कम कामगारांच्याच हितासाठी खर्च व्हावी. खाडा जेवढा तेवढीच कपात, असे ठरले आणि दुहेरी खाडा बेकायदा झाला. मात्र त्याच कलमात एक पाचर मारून ठेवलेली होती. दहा किंवा अधिक कामगार ठरवून, पूर्वसूचना न देता एकदम गैरहजर राहिले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला मिळाली.